गुडघ्याला पट्टा की हातात काठी?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला चौदा पायऱ्या. आईचा उजवा गुडघा झिजल्याचं कळलं, तेव्हा तिने आधी मेडिकलमधून इलास्टिकचा पट्टा आणला. काठी धरली की लोक म्हातारी म्हणतील, ही धास्ती.

पट्ट्याने ऊब मिळते, आधार वाटतो, काहींचं दुखणं थोडं कमीही होतं. पण साधा पट्टा सांध्यावरचा भार फारसा हलका करत नाही. खाली पोटरी सुजली किंवा मुंग्या आल्या, तर तो घट्ट होतोय असं समजा.

काठी खरोखर भार वाटून घेते. अट एकच, ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात हवी. आईने पहिले आठ दिवस उजव्याच हातात धरली आणि अंग एका बाजूला कलतं करून चालली. ताठ उभं राहून हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यावी, कोपर किंचित वाकलेलं राहावं. खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला, ओल्या फरशीवर तेच सावरतं. जिना चढताना आधी चांगला पाय; उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

माझा कौल काठीला. पट्टा हवा तर सोबत घाला. मांडीचे व्यायाम मात्र दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी चुकत नाहीत.

आणि पडून किंवा मुरगळून गुडघा अचानक सुजला, पाय टेकवेना, तर हे दोन्ही बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.