'लाइक'नं मराठी आडनावं शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वाचनालयाची सभासदनोंद पोस्टग्रेस या डेटाबेसवर आणून आता बरेच महिने झाले. नावं अनेक हातांनी टाइप झालेली, म्हणून शोधाची सगळी भिस्त 'लाइक'वरच, म्हणजे दिलेल्या नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधून देणाऱ्या सोयीवर. माझं मत आधीच सांगतो: मराठी मजकुरासाठी ही सोय फार मोलाची आहे, पण अक्षरं आतून कशी साठवली जातात हे समजून घेतलं तरच.

नमुन्यातलं टक्क्याचं चिन्ह (%) सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या जागी कितीही अक्षरं चालतात, एकही नसलं तरी चालतं. मला त्याहून कामाचा वाटला अंडरस्कोअर (_), कारण तो नेमक्या एकाच चिन्हाची जागा घेतो. 'पाट_ल' दिलं की पाटील आणि पाटिल दोन्ही येतात; वेलांटी डेटाबेसच्या लेखी स्वतंत्र चिन्ह आहे ना! 'शिंदे' मात्र दिसायला दोन अक्षरी असलं, तरी आत श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा अशी पाच चिन्हं. नुसते दोन अंडरस्कोअर देऊन शिंदे कधीच सापडणार नाहीत.

सगळ्यात छळलं 'गोऱ्हे'नं. कोणी ऱ वापरून लिहिलेलं, कोणी साधा र मोडून त्यापुढे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, आत मात्र एक सहा चिन्हांचं, दुसरं सात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. 'गो%हे' दिलं आणि दोन्ही हाती लागली. देशपांडे-देशपाण्डे हा घोळही 'देशपा%डे'नं मिटतो.

वेगाचं म्हणाल तर 'कुल%' झटकन येतं, मात्र इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून केलेली सूची) 'टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स' हा पर्याय लावून बनवायला हवा; एरवी कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम, 'सी' सोडून दुसरा असेल तर साधा इंडेक्स इथे उपयोगी पडत नाही. '%कर'ला तोही पुरत नाही, अख्खं टेबल चाळलं जातं. त्यावर 'रिव्हर्स' फंक्शननं उलटवलेल्या आडनावाचा तसाच इंडेक्स केला आणि त्याच फंक्शनवर 'रक%' शोधलं. कर-वाले सगळे पटापट येतात.

शोधपेटी लोकांसमोर ठेवणार असाल तर एक नक्की करा: त्यांनी टाइप केलेल्या टक्का, अंडरस्कोअर आणि उलट्या तिरक्या रेघेआधी तशीच एक उलटी तिरकी रेघ घाला. नाहीतर कोणी नुसता टक्का टाकला, तरी नाव भरलेली सगळी यादी बाहेर येते.