उनो आणि ईएसपी३२ : कापसाच्या काट्यावर एक हंगाम

यवतमाळकडच्या एका खेड्यात दिवाळीपासून मार्चपर्यंत वजनाचा एकच सी प्लस प्लस कोड दोन बोर्डांवर चालला. काट्यापाशी आर्डुइनो उनो, आत टेबलावर ईएसपी३२, दोन्ही छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड. धूळ आणि लोडशेडिंग दोघांनीही निभावलं. डोकं खाल्लं ते 'दाखव' या फंक्शनच्या दोन ओव्हरलोडनी, म्हणजे एकाच नावाच्या दोन रूपांनी : एक इंटचा, एक लाँगचा (दोन्ही पूर्णांकांचे टाइप).

कोणतं रूप घ्यायचं ते ठरवताना कंपायलर, म्हणजे कोडचं बोर्डाच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम, आकडा किती मोठा ते पाहत नाही, टाइप पाहतो. टाइप तंतोतंत जुळला तर प्रश्नच नाही. नाहीतर प्रमोशन, म्हणजे बाइट किंवा शॉर्टचा इंट होतो. तेही जमलं नाही तर कन्व्हर्जन, आणि तिथे इंट काय, लाँग काय, सगळे एकाच पायरीवर. म्हणून अनसाइन्ड इंट (ऋण आकडे नसलेला इंट) दिला की 'ॲम्बिग्युअस', म्हणजे कोणता निवडावा ते ठरत नाही, म्हणून एरर.

गंमत 'यूइंट१६_टी'ची, म्हणजे १६ बिटांच्या अनसाइन्ड पूर्णांकाची. उनोवर इंटच १६ बिटांचा, म्हणून हा टाइप तिथे अनसाइन्ड इंट ठरतो आणि कोड कंपाइल होत नाही. ईएसपी३२ वर तोच अनसाइन्ड शॉर्ट असतो, प्रमोशन होऊन मुकाट इंटकडे जातो. 'इंट३२_टी', म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक, तर ईएसपी-आयडीएफ (ईएसपी३२ साठी कोड लिहायची अधिकृत चौकट) ५ पासून तिथे इंटऐवजी लाँग झाला. टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) अपडेट केली की कॉल दुसऱ्याच ओव्हरलोडला लागतो. इंटवाला किलो छापतो आणि लाँगवाला ग्रॅम, अशी रचना असेल तर पावतीच बिघडते.

एरर आला तर बरंच म्हणायचं, वाईट ते गुपचूप चुकणं. 'यूइंट१६_टी'मधल्या किलोंना १००० ने गुणून लाँगमध्ये ठेवलं, तरी उनोवर गुणाकार १६ बिटांतच होतो. ६६ किलोचं गाठोडं ४६४ ग्रॅम दिसतं, कारण ६६००० मधून ६५५३६ गळतात. आयडीईत (कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये) कंपायलर वॉर्निंग 'ऑल' केली तरी याबद्दल चकार शब्द नाही. १००० च्या मागे एल लावा, गुणाकार लाँगमध्ये होतो.

ओव्हरलोड ठेवायचेच असतील तर त्याच नावाचा टेम्प्लेट (कुठल्याही टाइपला लागू होणारं फंक्शन) 'डिलीट' असं लिहून वापरायला बंद करून टाका. मग इंट आणि लाँग सोडून दुसरा कुठलाही टाइप दोन्ही बोर्डांवर कंपाइलच होत नाही. बाइटसुद्धा अडतो, तिथे कास्ट (टाइप बदलायची उघड सूचना) लिहावा लागतो. किलो आणि ग्रॅमसाठी मात्र सरळ दोन वेगळी नावं द्या, इथे ओव्हरलोडचा काही फायदा नाही.

बोर्डांना पाचपैकी चार. उनो पुढच्या हंगामातही काट्यापाशीच राहील.