ओट्यामागची भिंत: टाइल्स रंगवायच्या, चिकटवायच्या की खऱ्या बसवायच्या?

ओट्यामागच्या भिंतीवर रंगाने टाइल्सचा आभास उभा करता येतो, आणि हात नीट चालला तर दोन पावलांवरून तो पटतोही. खरा प्रश्न ती भिंत रोज काय सोसते हा आहे. दिसायला ती एक भिंत असली तरी वापराच्या दृष्टीने तिचे तीन तुकडे पडतात: शेगडीमागचा, सिंकमागचा आणि उरलेला कोरडा. तिन्हींना एकच इलाज करायचा हट्ट धरला की पैसे वाया जातात. कोरड्या भागात उगाच महाग टाइल्स बसतात, नाहीतर ज्योतीमागे स्वस्तातला रंग भाजत राहतो. म्हणून खालची तुलना वाचताना आपली भिंत या तीन तुकड्यांत डोळ्यांसमोर आणा.

| | रंगवलेल्या | चिकटवायच्या व्हिनाइल शीट | खऱ्या |
|---|---|---|---|
| खर्च कशात जातो | थोडा रंग, टेप, तुमचा वेळ | शीटच्या संख्येत | मजुरी, चिकटवण्याचा मसाला, ग्राउट (सांधे भरायचा मसाला), मग टाइल्स |
| शेगडीमागे | नको | अजिबात नको | निर्धास्त |
| सिंकमागे | वर पारदर्शक थर असेल तर | कडा बंद केल्या तर | निर्धास्त |
| एक जागा बिघडली | तेवढीच पुन्हा रंगवा | ती शीट बदला | टाइल फोडून नवी बसवा |
| सगळंच नको झालं | घासून नवा रंग | सोला, पण खालचा रंगही निघू शकतो | फोडकाम |

तक्त्यात मावत नाही ते असं की पहिल्या रकान्यातला ‘वेळ’ किती लागेल, हे जवळजवळ पूर्णपणे तुम्ही कोणता नमुना निवडता यावर ठरतं. रंगाचा खर्च इतका कमी असतो की त्यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही.

हिशेब मांडून पाहू

भिंत ३ मीटर लांब आणि ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत ४५ सेंटिमीटर उंच धरू. क्षेत्रफळ झालं १.३५ चौरस मीटर. एक लिटर इमल्शन (पाण्यातला भिंतीचा रंग) एका हाताला, म्हणजे एका थराला, साधारण १० चौरस मीटर पुरतं. म्हणजे दोन हात मारायचे तरी पाव लिटरपेक्षा जेमतेम जास्त रंग लागेल. सांध्यांच्या, म्हणजे टाइल्समधल्या रेघांच्या, रंगाला तेवढाच आणि टाइलच्या रंगाला तेवढाच. घरात उरलेला डबा चांगल्या स्थितीत असेल तर निम्मं काम फुकटात होतं.

आता टेप. नेहमीची ७.५ × १५ सेंटिमीटरची आडवी, विटांसारखी सरकवलेली टाइल घेतली तर सहा ओळी बसतात. आडव्या पाच रेघा, मिळून १५ मीटर टेप. हे सोपं आहे. उभे सांधे मात्र प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी येतात, म्हणून त्यांचे छोटे तुकडे कापावे लागतात, आणि ते होतात ११७. प्रत्येक तुकडा मोजून, सरळ, दाबून चिकटवायचा. हीच टाइल न सरकवता एकाखाली एक मांडली तर उभ्या रेघा वरपासून खालपर्यंत अखंड जातात. मग फक्त १९ पट्ट्या लागतात, आणि एकूण टेप जवळजवळ तितकीच. सरकवलेलीच रचना हवी असेल तर टाइल मोठी करा: १५ × ३० धरली की तुकडे २८वर येतात. ‘नकली टाइल्स रंगवणं फार किचकट’ असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी रंगाचा डबा उघडण्याआधीच चुकीचं माप निवडलेलं असतं, असं माझं मत आहे.

टेप, स्टेन्सिल आणि स्पंज

टेपच्या पद्धतीत आधी सगळ्या भिंतीला सांध्यांचा रंग द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, वर ३ ते ६ मिलिमीटर रुंदीची टेप लावायची, मग टाइलचा रंग मारून टेप ओढून काढायची. एवढं सगळेच सांगतात. रेघ स्वच्छ येते ती मात्र मधल्या एका पायरीमुळे. टेप लावल्यावर तिच्या कडांवरून खालचाच रंग पुन्हा एकदा पातळ फिरवायचा. टेपखाली जे झिरपायचं ते तोच रंग झिरपतो, फट भरते, आणि वरचा रंग आत शिरत नाही. टेप काढताना शेवटचा हात किंचित ओलसर असावा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाचा पापुद्रा टेपबरोबर उचलला जातो. जी टेप शेवटी लावली ती आधी काढायची.

स्टेन्सिलला टेप लागत नाही, आणि वेलबुट्टीच्या नक्षीदार टाइल्स हव्या असतील तर तोच मार्ग आहे. इथे शत्रू एकच, ब्रशवरचा जादा रंग. ब्रश बुडवल्यावर तो कागदावर इतका टिपून घ्यायचा की जवळजवळ कोरडा वाटावा, आणि भिंतीवर ओढायचा नाही, टिपत जायचं. स्टेन्सिलची मागची बाजू दर तीन-चार ठशांनंतर पुसली नाही तर डाग पुढच्या टाइलवर उमटतो. साध्या विटांच्या नमुन्यासाठी स्टेन्सिल घेणं मला व्यर्थ वाटतं. तिथे टेपइतकी धारदार रेघ मिळत नाही.

स्पंजचा ठसा ही तिसरी आणि सगळ्यात स्वस्त पद्धत. टाइलच्या मापाचा स्पंज कापून रंगात बुडवून उमटवायचा. कडा थोड्या वेड्यावाकड्या येतात, म्हणून हाताने घडवलेल्या जुन्या टाइल्सचा भास हवा असेल तिथेच हे शोभतं. चकचकीत पांढऱ्या भिंतीची अपेक्षा असेल तर यात पडू नका.

तिन्ही पद्धतींत आभास पटतो तो दोन गोष्टींमुळे. पहिली, सगळ्या टाइल्स एकाच छटेच्या नसाव्यात. मूळ रंगात किंचित राखाडी किंवा पिवळसर मिसळून दुसरी छटा करायची आणि दर पाच-सहा टाइल्सपैकी एखादीला ती द्यायची, कसलाही क्रम न पाळता. दुसरी गोष्ट चकाकीची, आणि मला ती रंगापेक्षा महत्त्वाची वाटते: सांधे मॅट, टाइल चकचकीत. खऱ्या भिंतीत उजेड टाइलवर पडून परततो आणि ग्राउटमध्ये मरतो. डोळा टाइल ओळखतो ते मुख्यतः यावरून. इतकं की टाइल आणि सांधा एकाच रंगाचे ठेवून फक्त चकाकीत फरक केला, तरी नमुना दिसतो.

काही जण टेप लावल्यावर रंगाआधी पुट्टीचा पातळ थर देतात, टेप काढतात आणि टाइल्सना खरोखरचा उठाव आणतात. हाताला छान लागतं. पण रंगवलेल्या टाइल्सचा एक मोठा फायदा त्यात जातो. सपाट रंगात सांधा फक्त दिसायला असतो, त्यामुळे त्यात तेलकट मळ अडकत नाही. उठाव दिला की खाच आली, आणि खाच आली की ती घासणं आलं. शोभेच्या भिंतीला हे चालेल. ओट्यामागे मी करणार नाही.

व्हिनाइल शीट कुणासाठी

चिकटवायच्या शीटचं काम एका दुपारचं असतं, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि छपाईमुळे नमुना रंगापेक्षा हुबेहूब दिसतो. भाड्याच्या घरात हाच पर्याय सुचवला जातो. मला त्यात एक अडचण दिसते. शीट सोलताना खालचा रंग सोबत निघाला किंवा डिंक भिंतीवर राहिला, तर ‘तात्पुरतं’ म्हणून केलेलं काम घर सोडताना महाग पडतं. आधी कपाटाआड एक तुकडा लावून आठवड्याने सोलून पाहावा. उष्णतेने व्हिनाइल मऊ पडतं आणि आक्रसतं, वाफेने कडा सुटतात, आणि एकदा सुटलेल्या कडेखाली तेलकट धूळ शिरली की ती परत धड चिकटत नाही. खडबडीत गिलाव्यावर तर ती पहिल्यापासूनच नीट बसत नाही. रंगाला थोडा खडबडीतपणा चालतो, शीटला चालत नाही.

खऱ्या टाइल्सचा खरा खर्च

छोट्या भिंतीला टाइल्स स्वतः फार लागत नाहीत. पैसे जातात ते बाकीच्यात: जुना थर खरवडणं, पृष्ठभाग एका पातळीत आणणं, मसाला, ग्राउट, आणि स्विचबोर्डांभोवतीची कापाकापी. टाइल आणि मसाल्याची जाडी मिळून भिंत सुमारे सेंटिमीटरभर पुढे येते, त्यामुळे स्विचबोर्डांची पातळीही जुळवावी लागते. मिस्त्रीला इतकं लहान काम परवडत नाही, म्हणून दर चौरस मीटरमागे मजुरी जास्त पडते. बदल्यात मिळतो असा पृष्ठभाग ज्यावर गरम, ओलं, तेलकट काहीही पडलं तरी चिंता नाही. मळतं ते सिमेंटचं ग्राउट, कारण ते तेल शोषतं. घर स्वतःचं असेल, वर्षानुवर्षं तिथेच राहायचं असेल आणि एवीतेवी फोडकाम निघालंच असेल, तर रंगाच्या भानगडीत पडू नका.

रंगवायचं ठरलं तर आधी भिंतीला विचारा

ओल असलेल्या भिंतीवर कोणताही रंग टिकत नाही, पोपडे येतात. संशय असेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे, आणि आधी तिचा उगम शोधायला हवा.

दुसरी तपासणी जुन्या रंगाची. रबिंग अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस कोपऱ्यात घासा. रंग कापसाला लागला तर तो पाण्यातला आहे, नाही लागला तर बहुधा ऑइल पेंट. ऑइल पेंटच्या चकचकीत थरावर थेट इमल्शन मारलं तर ते नखाने सोलता येतं. पॉलिश पेपरने चकाकी उतरवून, चिकटून राहणारा प्रायमर लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. घर फार जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नये.

आणि तेल. ओट्यामागची भिंत दिसायला स्वच्छ असली तरी तिच्यावर तेलाचा पातळ थर असतोच. भांड्यांच्या साबणाने धुवायची, साध्या पाण्याने पुसायची, वाळू द्यायची. बोट फिरवल्यावर करकर वाजलं पाहिजे. ही पायरी कंटाळवाणी असल्याने बरेच जण उरकतात, आणि रंग पहिल्यांदा सुटतो तोही बहुतेक इथेच.

भिंतीवर जुन्या खऱ्या टाइल्स असतील आणि फक्त रंग बदलायचा असेल, तर तो वेगळा विषय आहे. टाइलच्या काचेसारख्या थराला साधं इमल्शन धरत नाही. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून टाइलसाठीचा प्रायमर किंवा दोन घटकांचं इपॉक्सी लागतं. तेही सिंकच्या कडेला कालांतराने टवके सोडतं, हे गृहीत धरूनच करावं.

वरचा पारदर्शक थर

कोरड्या भागात हा थर टाळता येतो, सिंकमागे नाही. पाण्यातलं पॉलियुरेथेन (पारदर्शक वार्निश) निवडा. तेलातलं जास्त चिवट असतं, पण पिवळं पडत जातं आणि पांढऱ्या टाइल्स सायीच्या रंगाच्या दिसू लागतात. एक तिढा मात्र आहे. चकचकीत थर सगळीकडे फिरवला की सांध्यांची मॅट झाक जाते. जिथे पाणी उडतं तेवढ्यापुरती ती जाऊ द्यावी. दुसरा मार्ग म्हणजे टेप काढण्याआधीच टाइल्सवर चकचकीत थर देणं आणि टेप निघाल्यावर सगळ्यावर एक सॅटिन (मंद चकाकीचा, मॅट नव्हे) हात मारणं; फरक कमी होतो पण उरतो.

रंग काही तासांत हाताला सुकलेला लागतो, पण पूर्ण कडक व्हायला तीन ते चार आठवडे जातात. तेवढ्या काळात ओला फडका हलकाच फिरवायचा. पुढेही तारेची किंवा खरखरीत घासणी नको, चकाकी मरते. ओटा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन भरणार असाल तर ते सगळ्यात शेवटी, कारण सिलिकॉनवर रंग चढत नाही.

शेगडीमागचा तुकडा

रंगवलेल्या भिंतीत हाच तुकडा उघडा पडतो, आणि इथे मी तडजोड सुचवत नाही. ज्योतीमागे रंग करपतो, पिवळा पडतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त घासावं लागतं. उपाय दोन. एक, तेवढ्या भागात खऱ्या टाइल्स किंवा स्टीलचा पत्रा लावायचा आणि बाकीची भिंत रंगवायची. जोड लपवू नये, उलट पट्टी देऊन तो मुद्दाम केलेला दिसू द्यावा. खऱ्या आणि रंगवलेल्या टाइल्स शेजारी शेजारी एकसारख्या दाखवायचा प्रयत्न केला की दोन्ही खोट्या वाटतात. दुसरा उपाय, नमुना अखंड हवा असेल तर, ६ मिलिमीटरची टफन्ड (तापवून कडक केलेली) काच. काच घ्यायची तर तिची भोकं आधी पाडून मगच ती टफन करून घ्यावी लागते, नंतर ती कापता किंवा तिला भोक पाडता येत नाही. म्हणून मापं शेगडी जागेवर ठेवूनच घ्या, आणि शेगडीच्या माहितीपुस्तिकेत मागच्या भिंतीपासून किती अंतर सोडायला सांगितलं आहे ते आधी वाचा. काच डिंकाने न चिकटवता स्क्रूने, थोडी फट ठेवून बसवली तर ती काढून मागची भिंत पुसता येते.