मामा तलावात मासे टिपायला कॅमेरा कोणता: गोप्रो हिरो ११ की ऑलिम्पस टीजी-६?

भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या) तलावांत शिंगाड्याच्या वेलांपाशी पाणी छातीभरच. हाउसिंगशिवाय (वरच्या जलरोधक खोक्याशिवाय) गोप्रो १० मीटर खोलीपर्यंत चालतो, टीजी-६ १५ मीटर. खोलीचा प्रश्नच नाही. डोकेदुखी गढूळपणाची.

गोप्रोचा फोकस बदलत नाही. मासा फूटभराच्या आत आला की धूसर, आणि लांब ठेवला तर मधे नुसता गाळ. टीजी-६ मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगापासून १ सेंटिमीटरवरही फोकस धरतो. फोटोंसाठी बिनदिक्कत तोच घ्या. फ्लॅश मात्र बंद, नाहीतर कण पांढरे ठिपके होऊन चमकतात. उतरण्याआधी बॅटरीच्या झाकणाचं रबर पुसा. डोक्याचा एक केस अडकला तरी पाणी शिरतं.

मरळीचा व्हिडिओ बांबूला बांधून घ्यायचा असेल, तर गोप्रोच बरा.