हलकी क्रँक पुली: ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये घ्यावी का?

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बेल्ट फिरवणारी क्रँक पुली असते. तिच्या जागी बसवायची छोट्या व्यासाची, म्हणजे अंडरड्राइव्ह, पुली हातात घेतली की तिच्या हलकेपणाचा मोह पडतो. पण रोज घोडबंदर रोडला अडकणाऱ्या गाडीला ती लावू नका. मूळ पुली १५० मिमीची आणि नवी १२५ मिमीची असेल, तर त्याच बेल्टवरचे अल्टरनेटर आणि एसी कॉम्प्रेसर सुमारे १७ टक्के हळू फिरतात. मे महिन्यात सिग्नलला उभं असताना एसी थकतो, बॅटरी नीट चार्ज होत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट डॅम्परची, म्हणजे थरथर शोषणाऱ्या भागाची. बऱ्याच मूळ पुल्यांत हब आणि बाहेरच्या कड्याच्या मध्ये रबराचा थर असतो. क्रँकशाफ्टला पीळ देणारी थरथर तो शोषतो. अखंड ॲल्युमिनियमच्या पुलीत तो नसतोच, मग मार बेअरिंगवर आणि क्रँकवर बसवलेल्या ऑइल पंपाच्या गिअरवर पडतो. घ्यायचीच तर मूळ व्यासाची, डॅम्पर असलेली आणि एसएफआय १८.१ (रेसिंगच्या डॅम्परचं सुरक्षा मानक) प्रमाणित घ्या. पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

दुकानात ६पीके (सहा धारांचा) बेल्ट बसतो त्या पुलीच्या सहाही खाचांतून नख फिरवून बघा. कुठे बारीक कड लागली तर पुली परत ठेवा, ती बेल्ट खाणार. हार्ड ॲनोडाइज (पृष्ठभागावर कडक संरक्षक थर) नसलेलं ॲल्युमिनियम खाडीकाठच्या दमट हवेत पांढरं पडतं.

अनेक इंजिनांत पुली धरून ठेवणारा क्रँक बोल्ट एकदाच वापरायचा असतो. नवा आणा आणि टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळायला लावा, इम्पॅक्ट गनने नाही. नंतर बेल्ट चिरकायला लागला किंवा कडेने सुतं निघाली, तर पुल्या बहुधा एका रेषेत नाहीत.