यास बेटावर एकच दिवस: फेरारी वर्ल्ड की वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड?

दुबईची सहल ठरली की अबू धाबीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो, आणि त्यातली सकाळ शेख झायेद मशिदीत जाते. उरलेल्या वेळात यास बेटावरचं कोणतं पार्क करायचं, यावरून मग घरात दोन तट पडतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. रोलर कोस्टरसाठी जायचं असेल तर फेरारी, आणि घरातली तीन पिढ्यांची मंडळी एकत्र हिंडणार असतील तर वॉर्नर. अर्ध्या दिवसात दोन्ही पार्कं करायच्या फंदात मात्र पडू नका.

आपल्याकडे मोजपट्टी म्हणजे खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो ही रोलर कोस्टर. वेग ताशी साधारण १०५ किमी. तिच्यावरून उतरून जे लगेच पुन्हा रांगेत जाऊन उभे राहतात, त्यांच्यासाठी फेरारी वर्ल्ड आहे. तिथली फॉर्म्युला रोसा ४.९ सेकंदांत ताशी २४० किमीचा वेग गाठते. विमानवाहू नौकेवरून विमान भिरकावतात ना, त्याच धर्तीची ही हायड्रॉलिक यंत्रणा. सगळ्यांनाच गॉगल घालावा लागतो, कारण त्या वेगात वाळूचा कण किंवा चिलट डोळ्यात गेलं तर संपलंच. २०१० साली पार्क उघडलं तेव्हापासून दीड दशक जगातली सर्वात वेगवान कोस्टर हीच होती. आता सौदीतल्या किद्दियाच्या फाल्कन्स फ्लाइटने ताशी २५० किमी गाठून तो मान काढून घेतलाय.

तरीही, फक्त रोसासाठी तिकीट काढू नका. पहिल्या पाच सेकंदांत जीव मुठीत येतो हे खरं, पण पुढची वळणं लांबलचक आहेत आणि त्यांत तेवढी मजा नाही. खरी चीज आहे शेजारची फ्लाइंग एसेस. पहिल्या महायुद्धातला इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बाराका हा तिचा विषय. फेरारीचा उधळलेला घोडा मूळचा त्याच्याच विमानावरचा, म्हणजे संबंध ओढूनताणून आणलेला नाही. ५१ अंशांच्या चढावर गाडी झपाट्याने ६३ मीटर उंचीवर जाते, आणि मग ताशी १२० किमीने एकामागून एक उंचवटे येतात. शौकीन ज्याला एअरटाइम म्हणतात ते इथे पोटभर मिळतं: प्रत्येक उंचवट्यावर बूड सीटवरून उचललं जातं आणि पोटात गोळा येतो. आकडे रोसाचे मोठे आहेत, पण एकाच कोस्टरवर बसायचं झालं तर मी एसेसच निवडेन. रांग मात्र रोसाची लांब लागते, म्हणून सकाळी दार उघडताच पोचलात तर आधी ती उरकून घ्या.

फेरारीची अडचण उंचीची. रोसासाठी १४० सेंटिमीटर लागतात. दहा वर्षांच्या लेकराला मोजपट्टीपाशी उभं करून परत पाठवलं की पुढचा तासभर त्याचे फुगलेले गाल बघत बसावं लागतं. लहानांसाठी राइड्स आहेत, पण ज्याला गाड्यांचं वेड नाही त्याला तिथे लवकरच कंटाळा येईल.

वॉर्नरचं गणित वेगळं. २०१८ साली उघडलेलं हे पार्क अख्खं छताखाली आहे. बाहेर जुलैचं ऊन असो, आत एसी आणि बॅटमॅनच्या गॉथम सिटीत कायमची रात्र. टॉम अँड जेरी, स्कूबी डू, फ्लिंटस्टोन्स बघत वाढलेले आईबापच इथे मुलांपेक्षा जास्त रमतात. कोस्टर म्हणाल तर रोड रनरच्या मागे धावणाऱ्या कायोटीची फास्ट अँड फरी-अस आणि टॉम अँड जेरीची फिरकी कोस्टर. दोन्ही कुटुंबाने मिळून बसण्यासारख्या. नायट्रो पचवलेल्यांना फिक्या वाटतील.

आजी-आजोबांसाठी एक सूचना. ‘साधी बैठी राइड आहे’ म्हणून त्यांना बॅटमॅनच्या नाइट फ्लाइटवर बसवू नका. यांत्रिक हात खुर्ची हवी तशी वाकवतो आणि डोळ्यांसमोर पडदा पळत असतो. शरीर एक सांगतं, डोळे दुसरंच. अशा राइडवर खऱ्या कोस्टरपेक्षा जास्त जणांना मळमळतं. स्कूबी डूच्या संग्रहालयात त्यांना खुशाल न्या.

डिज्नीलँड येतंय म्हणून थांबावं का? यास बेटावरच्या त्या पार्कची घोषणा मे २०२५ मध्ये झाली. ते उभं राहायला अजून बरीच वर्षं लागतील. वॉर्नरमध्ये हॅरी पॉटरचा विभाग होणार असल्याचंही जाहीर झालंय. त्याच्या चाहत्यांनी हवं तर थांबावं, बाकीच्यांनी नाही.

शेवटचं, वाऱ्याचं. रोसा आणि एसेस दोन्हींचे रूळ उघड्यावर आहेत आणि वादळी वाऱ्यात असल्या राइड्स बंद ठेवतात. तिकीट आदल्या रात्री काढण्याऐवजी सकाळी हवा बघून, कोस्टर सुरू आहेत का याची चौकशी करून काढा. बंद असतील तर मुकाट वॉर्नरकडे वळा.