आज टीव्हीवर काय? पेपर, डिशचं गाइड की मोबाइल

रोजच्या मालिकांच्या वेळा माझ्या सासूबाईंना तोंडपाठ आहेत. घोडं अडतं ते रविवारी. दुपारी एखादं नाटक आहे का, जुना सिनेमा कुठे लागलाय, हे कळायला मार्ग नसला की त्या रिमोट घेऊन चॅनल मागून चॅनल चाळत बसतात. तुमच्याही घरी हेच होत असेल, तर तिन्ही पर्याय वापरून झालेलं माझं मत आधीच सांगते: भरवसा डिशच्या गाइडवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर दिसणाऱ्या वेळापत्रकावर ठेवा, पण अर्धाच.

पेपरला एकेकाळी तोड नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा अख्ख्या संध्याकाळचे कार्यक्रम एका छोट्या चौकटीत मावायचे. पुढे दूरदर्शनवर 'साप्ताहिकी' नावाचा कार्यक्रमच असायचा, येत्या आठवड्यात काय काय बघायला मिळेल ते सांगणारा. १९९२ मध्ये झी टीव्ही आला, मग वाहिन्यांची रांगच लागली आणि चौकटीचा जीव गुदमरला. शंभर वाहिन्या छापायच्या तर पान जातं. दहाच छापल्या तर वाचकाला नेमकी अकरावी हवी असते. अमेरिकेत तर 'टीव्ही गाइड' हे साप्ताहिक १९५३ पासून प्रदेशागणिक वेगळ्या आवृत्त्या काढायचं. सत्तरच्या दशकात त्याचा खप दोन कोटींच्या घरात होता. २००५ मध्ये त्यांनी त्या स्थानिक आवृत्त्या गुंडाळल्या आणि २००८ मध्ये ते अख्खं साप्ताहिक एका डॉलरला विकलं गेलं. तेव्हा केवळ वेळापत्रकासाठी पेपर लावणार असाल तर नका लावू. एक मात्र कबूल करायला हवं: पेपरात कुणीतरी बसून 'आज हे बघा' असं निवडलेलं असायचं. डिशचं गाइड सगळं दाखवतं, निवडून काहीच देत नाही.

आता डिशचं किंवा केबलच्या बॉक्सचं गाइड. रिमोटवरचं बटण दाबलं की पुढच्या काही दिवसांचे कार्यक्रम दिसतात, आठवण लावता येते, बॉक्स तसा असेल तर रेकॉर्डही करता येतं. वेगळे पैसे नाहीत. पण आमच्याकडे नावं रोमन लिपीत, बारीक आणि मध्येच तुटलेली येतात. काही ठिकाणी तर नुसतंच 'मराठी मूव्ही'. कुठला, ते लागल्यावर कळणार! मागे एकदा मी सासूबाईंसाठी नाटक रेकॉर्डला लावलं. आधीचा पुरस्कार सोहळा लांबला. रेकॉर्डिंगमध्ये वीस मिनिटं आभाराची भाषणं आणि नाटकाचा शेवट गायब. वाहिन्या वेळापत्रक आधी पाठवतात, ते गोळा करून पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. आपल्याकडे 'व्हॉट्स ऑन इंडिया' हेच काम करायची, २०१४ मध्ये ती अमेरिकेच्या ग्रेसनोटने घेतली. आयत्या वेळचा बदल या साखळीतून तुमच्या बॉक्सपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून रेकॉर्डिंगला पुढे अर्धा तास जास्तीचा ठेवा. आणि फ्री डिशचा साधा बॉक्स घेणार असाल तर दुकानातच गाइड उघडून उद्याचे कार्यक्रम दिसतात का ते बघून घ्या.

मोबाइलवर वाहिनीचं स्वतःचं ॲप असेल तर मालिकेचा चुकलेला भाग कधीही बघता येतो. पण ते आपल्याच घरचं गातं. शेजारच्या वाहिनीवर काय आहे ते कधी सांगणार नाही. सगळ्या वाहिन्या एकत्र दाखवणाऱ्या वेबसाइट्स आहेत, त्यांच्यावर विसंबण्याआधी तारीख आजचीच आहे ना एवढं तपासा. नोकरी करणाऱ्याला ॲप पुरतं. सासूबाईंना पुरत नाही, कारण साडेआठची मालिका त्या आणि नाशिकच्या मावशी एकाच वेळी बघतात आणि जाहिराती लागल्या की फोनवर एकमेकींशी भांडतात. 'नंतर बघा ना' म्हणून त्यांना काय उपयोग?

आमचं आता असं ठरलंय: शनिवारी रात्री मी गाइड चाळते आणि दोन-तीन गोष्टी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रविवारच्या चौकोनात लिहून ठेवते. वेळ आणि चॅनलचा नंबर, तोही ठळक. वाहिनीचं नाव लिहिलेलं सासूबाईंना चालत नाही. मध्यंतरी आम्ही डिश बदलली, सगळे नंबर बदलले, तेव्हा महिनाभर घरात जे ऐकून घ्यावं लागलं, ते कंपनी बदलायच्या आधी तुम्हीही मोजून ठेवा.